वाईला की वाईवरून?

भाऊबीज झाली, चिवड्याच्या डब्यात तळाशी चुरा तेवढा उरला, करंज्या मऊ पडू लागल्या, की पुण्यातल्या घराघरांतून एक नवाच उत्साह संचारू लागतो. "एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ या!" ही त्या उत्साहाची आरोळी. मग दिवाणखान्यात बैठक भरते. कोणी फोन उघडतो, कोणी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे यादी लिहू लागतो, आणि गावाचे एक नाव ठरते. इथवर सारे ठीक असते. परंतु नाव ठरल्यावर दोन मिनिटांच्या आत त्या नावाला शेपूट फुटते. कोणीतरी म्हणतो, "तिथपर्यंत जातोच आहोत तर..."

तिथपर्यंत जातोच आहोत तर! या चार शब्दांनी पुणेकरांच्या सहलींचा जेवढा विध्वंस केला आहे, तेवढा पावसाने आणि पंक्चर झालेल्या चाकांनी मिळूनही केला नसेल. मी आज या चार शब्दांविरुद्ध लिहावयास बसलो आहे. दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. पण हे भांडण घरातलेच आहे आणि त्यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे, तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी.

हकीकत गेल्या दिवाळीची. माझी आई ऐंशीला टेकलेली. तिचे माहेर वाईचे, कृष्णेकाठच्या मधल्या आळीतले. १९६४ साली लग्न होऊन ती पुण्यात आली. पुढे आजोबा गेले, मामांनी घर विकले आणि वाईला जाण्याचे कारणच उरले नाही. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर. इतक्या जवळच्या गावाला आईने गेल्या तीस वर्षांत पाय लावला नव्हता. फराळाच्या वेळी ती सहज म्हणाली, "एकदा घाटावर बसून यावेसे वाटते रे." मागणी केवढी? पायरीवर बसण्याएवढी. मी लगेच "हो" म्हटले, आणि तिथेच घोटाळा केला. कारण मी ते "हो" सर्वांदेखत म्हटले.

आमचे मेहुणे रास्ते पेठेत राहतात. उत्साही गृहस्थ आहेत, मनाने उदार आहेत, आणि त्यांच्या हातात यादी आली की ती वाढतेच. ते म्हणाले, "वाईत काय, एक गणपती आणि एक घाट! अर्ध्या तासाचे काम. तिथपर्यंत जातोच आहोत तर पाचगणी-महाबळेश्वर कव्हर करून टाकू." त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या भाच्याने, तिथल्या तिथे फोनवर वेळापत्रक तयार केले. सकाळी सहाला प्रस्थान. ढोल्या गणपती पंधरा मिनिटे. मेणवली वीस मिनिटे. मग पाचगणीचे टेबललँड, वेण्णा तलाव, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड, आणि परतताना सूर्यास्ताचा पॉइंट. एकूण ठिकाणे सात, माणसे चौदा, गाडी सतरा आसनांची. "आणि आजींना येताना निवांत घाटावर बसवू," असे भाचा म्हणाला. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, तर "वा, छान बसवलेस!" असेही म्हणालो. हे मी नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढे मी इतरांना बोल लावू लागलो तर वाचकांना ते आठवेल.

सहलीचे वर्णन करीत नाही. अशा सहलीचे वर्णन करण्यासारखे काही नसतेच. असतात त्या केवळ वेळा. सहाच्या जागी निघालो सहा चाळीसला. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापाशी आणि पुढे खंबाटकीच्या घाटात सगळे पुणेच आमच्यासारखे वाटेला लागलेले दिसले. वाईला सव्वादहा झाले, म्हणजे तिथेच वेळापत्रकाचा बोजवारा उडाला. घाटाजवळ गाड्यांना जागा नाही, म्हणून आमची गाडी लांब उभी राहिली. आईचे गुडघे दुखतात. भाचा म्हणाला, "आजी, तुम्ही गाडीतच बसा, येताना अगदी घाटापर्यंत गाडी नेतो." आम्ही तेरा जण धावत गेलो, गणपतीपुढे उभे राहून एकमेकांची छायाचित्रे काढली आणि धावत परत आलो. माझ्या घड्याळाने अकरा मिनिटे लागली. आई गाडीत बसून होती. ज्या गावात तिचा जन्म झाला, त्या गावी ती अकरा मिनिटे होती, आणि तिचा पाय त्या गावाच्या मातीला लागला नाही.

मेणवली "उशीर झाला" म्हणून गाळली. आईला मी येताना घाटावर नेणार होतो. पण प्रतापगडावरून निघायलाच संध्याकाळ झाली. सूर्यास्ताचा पॉइंट हुकला, कारण सूर्य वेळेवर गेला आणि आम्ही नाही. पसरणीचा घाट उतरून वाईत शिरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मुले झोपलेली, बाया कंटाळलेल्या, ड्रायव्हरला पुणे गाठण्याची घाई. मी मागे वळून म्हटले, "आई, वाई आली." ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "आली नव्हे रे, गेली."

दुसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला. पेन्शनीत निघाल्यापासून मला हिशेब मांडावयाची खोड लागली आहे. आम्ही घराबाहेर होतो १७ तास १० मिनिटे. त्यांपैकी गाडीत ११ तास. खाण्यापिण्यात सव्वादोन तास. रांगा, गाडी शोधणे आणि चुकलेल्या माणसांना फोन करून "तुम्ही कुठे आहात?" असे विचारणे यांत दीड तास. उरले २ तास २५ मिनिटे. एवढ्यात पाच ठिकाणे "पाहिली". एकेका ठिकाणाला सरासरी २९ मिनिटे! न्हाव्याच्या दुकानातसुद्धा मी याहून अधिक वेळ काढतो, आणि तिथे तर पाहावयास एक आरसाच असतो.

आता मला कोणी म्हणेल, आईची इच्छा राहिली हे वाईट झाले, पण तो तुमच्या घरचा प्रश्न; त्यावरून एवढे आकांडतांडव कशाला? माझे म्हणणे असे की हा केवळ माझ्या घरचा प्रश्न नाही. आम्ही पुणेकर वाईला जातच नाही. आम्ही वाईवरून जातो. सासवडला जात नाही, सासवडवरून जेजुरीला जातो. इतिहासाने भरलेली ही लहान गावे आम्हांला वाटेवरचे मैलाचे दगड वाटतात. आणि वर तोंड करून आम्ही विचारतो, "तिथे पाहण्यासारखे काय आहे?"

वाईत पाहण्यासारखे काय आहे, हे त्या अकरा मिनिटांत आम्हांला का दिसले नाही ते सांगतो. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. एका दगडातली ती अवाढव्य बैठी मूर्ती सर्वांनी पाहिली. ती न पाहणे अशक्यच आहे. परंतु या देवळाची खरी गंमत त्याच्या पाठीमागे आहे. देऊळ नदीच्या अगदी काठावर. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी देवळावर आदळावयाचे. म्हणून ज्यांनी ते बांधले त्यांनी मागची भिंत सरळ न ठेवता माशासारखी निमुळती केली. पुराचे पाणी तिच्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशेहून अधिक पावसाळे ती भिंत पुराला वाट करून देते आहे. हे पाहण्यास देवळाला वळसा घालून मागे जावे लागते, आणि तिथे दोन घटका उभे राहावे लागते. आमच्यापैकी एकही जण मागे गेला नाही. मागे छायाचित्र चांगले येत नाही, असे कोणीतरी म्हणाले.

आणि हे रास्ते कोण? मेहुण्यांना मी हा प्रश्न गाडीतच विचारला होता. ज्या पेठेचे नाव ते रोज आपल्या पत्त्यात लिहितात, त्या पेठेला ज्यांचे नाव मिळाले ते हेच घराणे, हे त्यांना ठाऊक नव्हते. याच वाईच्या रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई. ती नानासाहेब पेशव्यांची पत्नी, आणि विश्वासराव, माधवराव व नारायणराव या तिघांची आई. एक मुलगा पानिपतावर पडला, दुसरा क्षयाने गेला, तिसऱ्याचा खून शनिवारवाड्यात झाला. पुण्याच्या इतिहासातले एवढे मोठे दुःख ज्या बाईच्या पदरी आले, तिचे माहेर वाईचे. पाहुणा आला की शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाशी उभे राहून नारायणरावाच्या वधाची कथा रंगवून सांगणारे आम्ही, त्याच्या आजोळच्या गावी अकरा मिनिटे थांबतो. अफझलखान परका, शत्रू. पण १६५९ साली त्यानेदेखील वाईत मुक्काम ठोकला होता. त्याला प्रतापगडाकडे जावयाची घाई आमच्याहून कमी होती, असे म्हणावे लागेल.

हे झाले दगडांचे. त्याहून मला खेद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आमच्या गाडीत चार पदवीधर होते, एक प्राध्यापिका होती, आणि मुले तर सारी शिकणारी. गाडी वाईतून गेली आणि यांपैकी एकाच्याही तोंडून विश्वकोशाचे नाव निघाले नाही. मराठी भाषेत सर्व विद्यांचा कोश तयार व्हावा, हे काम महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्याबरोबर हाती घेण्यात आले, आणि ते चालले कुठे? मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे, वाईत! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि खंडांची संख्या पुढे वीस झाली. एवढे सगळे एका तालुक्याच्या गावात बसून. का बरे? कारण तिथे आधीच विद्या होती. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञ पाठशाळा वाईची. लक्ष्मणशास्त्री खानदेशातल्या पिंपळनेरहून लहान वयात तिथे शिकावयास आले ते वाईचेच होऊन गेले. विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकण्यास आले तेही याच नारायणशास्त्र्यांपाशी. ज्या गावात विनोबा रजा घेऊन आले, त्या गावी आम्हांला रजेच्या दिवशीसुद्धा थांबावेसे वाटत नाही.

आमच्या मुलांना मराठी येत नाही म्हणून सभांतून गळा काढणारी मंडळी थोडी नाहीत. मी विचारतो, या मंडळींपैकी किती जणांनी आपल्या मुलाला त्या कार्यालयापाशी उभे करून, "बाळ, इथे आपल्या भाषेचा विश्वकोश झाला," एवढे एक वाक्य सांगितले आहे? तिकीट नाही, रांग नाही, घोड्यावर बसावे लागत नाही. परंतु तो "पॉइंट" नाही ना!

माझ्यावर काही आक्षेप येतील. त्यांतला एक खरोखरच वजनदार आहे, म्हणून तो आधी घेतो. लोकांना वर्षातून एकच दिवस मिळतो. ते बिचारे त्या एका दिवसात जेवढे मिळेल तेवढे पदरात पाडून घेणार. हे मला मान्य आहे. ज्याला कारखान्यातून एक रविवार सुटतो त्याच्यावर मी काय म्हणून रागवावे? पण गंमत अशी की, ज्याच्याजवळ एकच रुपया असतो तो बाजारात जाऊन सात दुकानांतून पंधरा-पंधरा पैशांची खरेदी करीत नाही. त्याला ती परवडतच नाही. एकच दिवस असेल तर एकच गाव घ्यावे, हा माझा साधा व्यवहार आहे. महाबळेश्वराशी माझे वैर नाही. तिथे दोन दिवस जावे, मुक्काम करावा, सकाळचे धुके पाहावे. कृष्णेचा उगम पाहावा. आम्ही तोही पाहिला. पण तो पाहावयास आम्ही कृष्णेचा काठ सोडून धावत गेलो, आणि पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी धार पाहताना माझी आई काय मनात आणीत असेल, हे मला त्या वेळी सुचले नाही.

दुसरा आक्षेप, मुलांना कंटाळा येतो. याचे उत्तर थोडे पुढे येईल.

तिसरा आक्षेप मेहुण्यांचा. ते म्हणाले, "अहो, आमच्यासारखे प्रवासी येतात म्हणून तर ही गावे चालतात." पुन्हा मी हिशेबाची वही काढली. त्या दिवशी चौदा माणसांनी वाईत किती खर्च केला? हार, दुर्वा आणि गाडी उभी करण्याचे पैसे मिळून १९० रुपये. न्याहारी हमरस्त्यावरच्या मोठ्या उपाहारगृहात झाली, जेवण महाबळेश्वरात झाले, रात्रीचे खाणे पुन्हा हमरस्त्यावर. त्या १९० रुपयांच्या बदल्यात आम्ही वाईला काय दिले? धूर दिला, कर्णे वाजवले, आणि पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घाटाच्या पायरीवर ठेवून आलो. त्या कोणी ठेवल्या हे मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही, कारण ती व्यक्ती हा अंक वाचणार आहे. गावात न थांबणाऱ्या गाड्यांवर गाव चालत नाही. त्यांच्यावर रस्ता चालतो.

आता त्या मुलांच्या कंटाळ्याविषयी.

दिवाळीनंतर मला चैन पडेना. जानेवारीत एक दिवस मी कोणालाही न सांगता ठरवले, आणि मग आई, सौभाग्यवती आणि मी असे तिघे निघालो. धाकट्या भाच्याच्या शाळेला कसलीशी सुट्टी होती, तो हट्ट धरून चौथा झाला. वय वर्षे अकरा. मोटार नाही, सतरा आसनांची गाडी नाही. सकाळी साडेसहाला स्वारगेटवरून आपली एस.टी. जी एस.टी. १९४८ साली १ जूनला पहिल्यांदा पुण्याहून नगरला धावली, तिच्यावर माझा जुना लोभ आहे. शिवाय आता तर चैनच आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, म्हणून आई फुकट. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट, म्हणून सौभाग्यवती अर्ध्या. भाचा वयाने अर्धा. पूर्ण तिकीट एकट्या माझे. कंडक्टरने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिले असे मला वाटले.

वेळापत्रक मी एका ओळीचे केले होते. सकाळी घाट, दुपारी मेणवली, संध्याकाळी पुन्हा घाट.

साडेनऊला वाईत उतरलो. रिक्षाने मधल्या आळीपर्यंत गेलो. आईचे घर जिथे होते तिथे तीन मजली इमारत झाली आहे, खाली मोबाईलचे दुकान. आई थोडा वेळ तिथे उभी राहिली, "इथे चिंच होती," एवढे म्हणाली आणि पुढे चालू लागली. मला वाटले होते ती रडेल. ती रडली नाही. तिला घाटावर जावयाचे होते. माझा हात धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत ती उतरली आणि पाण्यापासून चौथ्या पायरीवर बसली. दहा वाजता बसली ती पावणेबारापर्यंत उठली नाही.

भाचा पहिली दहा मिनिटे कंटाळला. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. त्याने दोनदा विचारले, "आता पुढे कुठे?" दोनदा उत्तर मिळाले, "कुठेही नाही." तेव्हा त्याचा नाइलाज झाला. मग त्याने पायऱ्या मोजल्या. मग पाण्यात दगड फेकले. मग आईजवळ येऊन बसला आणि विचारले, "आजी, तुम्हांला पोहता येत होते?" आई म्हणाली, "न यायला काय झाले? भावांनी पाठीला वाळके भोपळे बांधून ढकलून दिले होते इथेच." भोपळे बांधून! यानंतर त्या मुलाला कंटाळा कसला येतो? भोपळे फुटत नाहीत का, किती बांधतात, मुलींनाही बांधीत का, पूर कुठवर यायचा. पूर कोणत्या पायरीला लागला की शाळा सुटायची, ती पायरी आईने बोटाने दाखवली. त्यावरून बोलणे ढोल्या गणपतीवर गेले, आणि ऐंशी वर्षांची आई अकरा वर्षांच्या मुलाचा हात धरून त्या देवळाच्या मागच्या बाजूला गेली. दिवाळीत आम्ही तेरा जण जिथे गेलो नव्हतो तिथे. मुलाने त्या निमुळत्या भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे हे होडीचे नाक आहे." मत्स्याकार म्हणतात, असे मी त्याला शिकवू गेलो, तर आई म्हणाली, "नाक म्हणतोय तर म्हणू दे. बरोबरच आहे."

घाटावर एक बाई देवदर्शन करून चालल्या होत्या. आईहून पाचसहा वर्षांनी मोठ्या असाव्यात. जाता जाता थबकल्या, आईकडे निरखून पाहिले आणि विचारले, "कुणाची ग तू?"

वाचकहो, ऐंशी वर्षांच्या बाईला पुण्यात असा प्रश्न कोण विचारणार? पुण्यात ती कोणाची तरी आई, कोणाची सासू, कोणाची आजी. तिने आपले माहेरचे आडनाव सांगितले. ते आडनाव मी कागदावर पुष्कळदा पाहिले होते. आईच्या तोंडून, स्वतःची ओळख म्हणून, त्या दिवशी प्रथम ऐकले. मग त्या दोघींचे जे सुरू झाले त्यात आम्हां तिघांना काही स्थान उरले नाही. सात आळ्या, सात घाट आणि प्रत्येक आळीचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशी नावे त्या दोघी एखाद्या घरातल्या सुनांची घ्यावीत तशी घेत होत्या. कोणत्या आळीचा प्रसाद चांगला आणि कोणती आळी कंजूष, यावर त्यांचे एकमत झाले. तो निकाल मी इथे छापू शकत नाही, मला पुन्हा वाईला जायचे आहे.

दुपारी एका साध्या खानावळीत जेवलो. सौभाग्यवतींनी बाजारातून हळद घेतली. वाईच्या हळदीचे नाव तिने तिच्या सासूकडून चाळीस वर्षे ऐकले होते. मग रिक्षाने मेणवलीला गेलो. अंतर फार नाही, तीन-एक किलोमीटर. नाना फडणविसांचा तो सहा चौकांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाशी टांगलेली ती घंटा. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिकडून ही इकडे आली. भाच्याने अर्थातच विचारले, "महादेवाच्या देवळात मेरी कशी?" या एका प्रश्नाच्या उत्तरात वसईचा वेढा आला, पोर्तुगीज आले, नाना आले. शाळेच्या पुस्तकात हे सारे निरनिराळ्या पानांवर असते. इथे ते एका घंटेला लटकलेले होते. आम्ही तिथे दीड तास होतो. दिवाळीत हे ठिकाण वीस मिनिटांचे होते आणि तेही गाळले होते.

त्या दिवशी आम्ही चौघांनी वाईत आणि मेणवलीत मिळून केलेला खर्च, रिक्षा, जेवण, हळद, चहा आणि देवापुढचे धरून, चौदा जणांच्या खर्चाच्या सात पटींहून अधिक भरला. मेहुण्यांसाठी हा आकडा मुद्दाम लिहिला आहे.

संध्याकाळी आई पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या वरच्या पायरीवर. काही बोलणे झाले नाही. साडेसहाच्या गाडीने निघालो, आणि रात्री घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच मेहुण्यांचा फोन आला. मुलगा कसा आहे, हे त्यांनी विचारले, आणि मग म्हणाले, "काय काय कव्हर केलेत?"

"एक गणपती, एक घंटा आणि एक पायरी," मी म्हटले.

"एवढेच? अख्ख्या दिवसात?"

आई आतल्या खोलीत अंथरुणावर पडली होती. तिथूनच तिने आवाज दिला, "त्यांना म्हणावे, माघात उत्सव बसतो, तेव्हा चला. आणि येताना एक सतरंजी घ्या, पायऱ्या फार गार असतात."